मनाचे श्लोक: २०५ श्लोकांचं छोटं पुस्तक आणि साडेतीनशे वर्षांच्या प्रतिक्रिया

ऑक्टोबर २०२५ मध्ये मृण्मयी देशपांडेचा एक मराठी सिनेमा थिएटरला लागला. आजच्या काळातली प्रेमाची गोष्ट. नाव होतं ‘मनाचे श्लोक’. पुण्यात काही संघटनांनी शो बंद पाडले. मुख्य आक्षेप नावावर होता: समर्थ रामदासांच्या ग्रंथाचं नाव सिनेमाला का दिलं? शेवटी प्रदर्शन थांबवण्यात आलं आणि काही दिवसांत हाच सिनेमा ‘तू बोल ना’ या नव्या नावानं पुन्हा पडद्यावर आला.

त्याच्या दीड वर्ष आधी, मे २०२४ मध्ये, राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला होता. त्यात भगवद्‌गीतेसोबत मनाच्या श्लोकांचं पाठांतरही सुचवलं होतं. त्यावरूनही वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, मुलांना चांगले विचार मिळाले तर बिघडलं कुठे? दुसरी बाजू विचारत होती, सरकारी शाळेत एका धर्माचंच पाठांतर का?

दोन्ही वेळा सोशल मीडियावर भरपूर पोस्टी पडल्या. पण गंमत बघा, त्यातल्या फारच थोड्या पोस्टी पुस्तकात काय लिहिलंय याबद्दल होत्या. नावाबद्दल, लेखकाबद्दल, धर्माबद्दल आणि राजकारणाबद्दल मात्र सगळे बोलत होते.

म्हणून आज जरा उलटं करूया. तासाभरात म्हणून संपेल एवढ्या या पुस्तकात आहे तरी काय? ते वाचून किंवा ऐकून आजवर कुणाला काय वाटलं? आणि एकच पुस्तक एकाला आधार वाटतं, दुसऱ्याला बेडी वाटते, असं का होतं?

पुस्तक नेमकं आहे काय?

मनाचे श्लोक सतराव्या शतकात रामदासांनी रचले. रामदासांचा जन्म १६०८ चा, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावचा. मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर.

त्यांचा मोठा ग्रंथ म्हणजे दासबोध. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून जास्त ओव्या. तो निवांत बसून, कुणाकडून तरी समजून घेत वाचायचा ग्रंथ आहे. मनाचे श्लोक त्यापुढे अगदी चिमुकले: फक्त २०५ श्लोक. प्रत्येक श्लोकाला चार ओळी, प्रत्येक ओळीत बारा अक्षरं. हिशेब केला तर सगळं पुस्तक दहा हजार अक्षरांच्या आत बसतं.

वृत्त आहे भुजंगप्रयात. एक लघु, दोन गुरू, असा तुकडा प्रत्येक ओळीत चारदा येतो. भुजंग म्हणजे साप. सापाच्या चालीसारखी वळत जाणारी लय. एकदा कानात बसली की निघत नाही. शाळेत हॉस्टेलवर, ऑफिसच्या निरोप समारंभात कुणी विडंबन करायला बसलं की हात हमखास याच वृत्ताकडे जातो, त्याचं कारण हेच.

आता मजकूर. हे पुस्तक वाचकाशी बोलतच नाही. ते बोलतं मनाशी. आणि मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारतं. म्हणजे आधी गोंजारायचं, मग कान पकडायचा. मधेच मन घाबरट आहे म्हणून ते त्याला रागेही भरतं.

सल्ले थोडक्यात असे: सकाळी उठल्यावर रामाचं चिंतन कर. वासना, राग, लोभ, मत्सर यांच्या मागे धावू नकोस. दुसऱ्याच्या पैशावर डोळा ठेवू नकोस. कुणी वाकडं बोललं तर सोसून घे, आपण मात्र गोड बोल. चंदनासारखा झिज. पूर्ण सुखी माणूस जगात सापडतो का ते शोधून बघ. मरण कुणाला चुकत नाही हे लक्षात ठेव. वाद मिटवणारा संवाद कर. कृतीशिवाय नुसती बडबड करू नकोस.

इथवर सगळं ओळखीचं वाटतं. पण पुस्तक इथे थांबत नाही. पुढे ते देव म्हणजे कोण, खरा गुरू कसा ओळखायचा, ‘मी’पणा कसा सुटतो, अशा वेदान्ताच्या प्रश्नांत शिरतं. लोकांना पाठ असतात ते बहुतेक सुरुवातीचे श्लोक; पुढचा भाग त्यामानानं कमी वाचला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिले वाचक हे वाचक नव्हतेच

हे श्लोक कसे तयार झाले याची एक कथा सांगितली जाते. साताऱ्याजवळच्या चाफळला रामनवमीचा उत्सव असायचा. एका वर्षी उत्सवाला येणारी शिधासामग्री आली नाही. तेव्हा रामदासांनी रात्रीत श्लोक सांगितले, कल्याणस्वामींनी ते उतरवून घेतले आणि शिष्य ते म्हणत भिक्षेला निघाले. ही परंपरेतली कथा आहे. एका रात्रीत २०५ श्लोक झाले की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण पुस्तक कशासाठी होतं, ते या कथेतून नीट कळतं.

रामदासी दारात यायचा. ‘जय जय रघुवीर समर्थ’ म्हणायचा, एक श्लोक म्हणायचा आणि मग भिक्षा घ्यायचा. म्हणजे मनाचे श्लोक सुरुवातीला पुस्तक नव्हतेच. दारावर येणारा आवाज होता. एका वेळी एक श्लोक, पंधरा-वीस सेकंदांचा. आजच्या भाषेत सांगायचं तर रीलएवढा.

आणि ऐकणारं कोण? दार उघडून सुपात धान्य घेऊन येणारी बाई. तिला पोथी वाचता येत असण्याची शक्यता त्या काळात फारच कमी. तिची ‘प्रतिक्रिया’ कुठे लिहून ठेवलेली नाही. पण श्लोक टिकले, याचा अर्थ तिनं ते लक्षात ठेवले, पोराबाळांना सांगितले. हे पुस्तक छापखान्यांनी खूप नंतर हातात घेतलं. त्याआधी ते लोकांच्या तोंडीच जगलं, आणि रामदासी मठांतल्या हस्तलिखितांत. ही हस्तलिखितं गोळा करून जपण्यासाठी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य घातलं. धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर हा त्याच कामाचा वारसा.

सर्वांत सुंदर प्रतिक्रिया: एका सूफीची

पुस्तक आवडलं की आज आपण स्टोरी टाकतो. अठराव्या शतकात शाह तुराब चिश्ती नावाच्या दक्षिणेतल्या सूफी कवीनं काय केलं? त्यानं मनाच्या श्लोकांवरून आपलं स्वतःचं काव्य लिहिलं. भाषा दख्खनी, नाव ‘मन समझावन’. म्हणजे मनाला समजावणं.

हे शक्य कसं झालं? तेव्हा तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. रामदासी मठ तिथवर पोचले होते. मराठी, तमिळ, तेलुगू, दख्खनी या भाषा एकाच बाजारात एकमेकींच्या कानावर पडत होत्या.

आणखी एक कारण खुद्द लयीत आहे. भुजंगप्रयात वृत्तातला तुकडा, एक लघु आणि दोन गुरू, हाच फारसी छंदशास्त्रात ‘फऊलुन’ म्हणून येतो. चार वेळा फऊलुन म्हटलं की ‘मुतकारिब’ नावाचा छंद होतो. फिरदौसीचा शाहनामा याच कुटुंबातल्या छंदात आहे. फारसी-दख्खनी कान तयार असलेल्या माणसाला मनाच्या श्लोकांची चाल परकी वाटण्याचं कारणच नव्हतं.

आणि मजकूर? राग आवर, लोभ सोड, मरण आठव, गर्व करू नकोस. सूफी माणसाला यात काय खटकणार? मनाला ताळ्यावर आणायचं काम दोन्ही परंपरांचं. रामाच्या जागी त्याचा अल्ला होता, बाकी दुखणं एकच.

एखाद्या पुस्तकावर परधर्मातला माणूस आपल्या भाषेत अख्खं पुस्तक लिहितो, याहून मोठा रिव्ह्यू कोणता असणार? हे पुस्तक नक्की कुणाच्या मालकीचं आहे, यावर आज भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी शाह तुराबचं नाव ऐकायला हवं.

‘अरे, हे तर सेल्फ-हेल्प आहे!’

आजच्या तरुण वाचकाची ही नेहमीची प्रतिक्रिया. आणि त्यात तथ्य आहे.

‘इकिगाई’सारखी छोटी पुस्तकं आज घराघरात दिसतात. पण छोट्या, व्यवहारी, खिशात मावणाऱ्या शहाणपणाच्या पुस्तकाची परंपरा जगभर जुनी आहे. दुसऱ्या शतकात एपिक्टेटस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेला. तो जन्मानं गुलाम. त्याच्या शिकवणीतून एरियन या शिष्यानं एक छोटी पुस्तिका तयार केली. तिचं नाव एन्खिरिडिऑन, म्हणजे हाताशी ठेवायची वस्तू. सार एवढंच: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, हातात असलेल्या गोष्टींवर, म्हणजे आपल्या विचारांवर, लक्ष दे.

पुढे १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिला आज आरईबीटी म्हणतात. एलिसनं एपिक्टेटसचं ऋण उघडपणे मान्य केलं होतं. घटनेमुळे आपण जेवढे दुखावतो त्याहून जास्त त्या घटनेबद्दलच्या आपल्या विचारानं दुखावतो, हा त्या पद्धतीचा पाया. महाराष्ट्रात ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनात आणि व्याख्यानांत ही उपचारपद्धती आणि आपली संत-वेदान्त परंपरा यांची सांगड दिसते.

मनाच्या श्लोकांतही पद्धत तीच दिसते: मनाला आपल्यापासून थोडं बाजूला काढायचं, त्याच्याशी बोलायचं, ‘तू असं का समजतोस?’ असं विचारायचं. रात्री तीन वाजता झोप न येणाऱ्या माणसाला याचा उपयोग होतो. राग आल्यावर मेसेज टाइप करून, पाठवण्याआधी पुसून टाकणाऱ्यालाही होतो.

पण दोन फरक विसरायला नकोत. पहिला, मनाचे श्लोक हे भक्तीचं पुस्तक आहे. त्यातला राम काढून टाकला तर ते पुस्तक उरत नाही, फक्त टिपा उरतात. दुसरा, डिप्रेशन किंवा तीव्र चिंता हा आजार आहे. श्लोक म्हणणं हा त्यावर उपचार नाही. ‘मन खंबीर कर’ असं आजारी माणसाला सांगणं म्हणजे ताप आलेल्याला ‘थंड हो’ म्हणण्यासारखं. तिथे डॉक्टरच हवा.

ज्यांना हे पुस्तक पटत नाही, त्यांचं म्हणणं काय?

टीका तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. सोशल मीडियावर तिची मिसळ होते, म्हणून ती सुटी करून बघू.

पहिली टीका लेखकावर आहे. रामदास शिवाजी महाराजांचे गुरू होते का, हा महाराष्ट्रातला जुना आणि धगधगता वाद. जोतीराव फुल्यांपासून ब्राह्मणेतर परंपरेनं रामदासांकडे टीकेच्या नजरेनं पाहिलं. उलट इतिहासाचार्य राजवाड्यांनी रामदासांना राष्ट्र उभं करणारा माणूस म्हणून डोक्यावर घेतलं आणि वारकरी संतांवर मात्र जहरी टीका केली. त्यांनी समाजाला लुळं केलं, असा राजवाड्यांचा आरोप. २०२२ मध्ये तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी समर्थांशिवाय शिवाजींना कोण विचारेल, अशा अर्थाचं विधान केलं तेव्हा राज्यभर संताप उसळला. या वादात मनाचे श्लोक आपोआप ओढले जातात. खरं तर गुरुशिष्याचा प्रश्न इतिहासाच्या कागदपत्रांनी सोडवायचा आहे. त्याचं उत्तर काहीही आलं तरी श्लोकांतला एक शब्द बदलत नाही.

दुसरी टीका सक्तीवर आहे. घरी आजीकडून श्लोक शिकणं वेगळं आणि सरकारी शाळेत पाठांतर लावणं वेगळं. वर्गात वेगवेगळ्या धर्मांची, देव न मानणाऱ्या घरांची मुलं असतात. जे दारावरून पुढे जायला मोकळं होतं, ते परीक्षेचा भाग झालं की त्याचा स्वभाव बदलतो. रामदासी श्लोक म्हणायचा, पण ऐकायचं की दार लावायचं हे घरातलं माणूस ठरवायचं. पुस्तक आवडणाऱ्या माणसालाही ही टीका पटू शकते.

तिसरी टीका खुद्द मजकुरावर आहे, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. सोसून घे. दुःख आलं तर ते पूर्वीच्या कर्माचं फळ आहे. मनाला आवर. हा सल्ला कुणाला दिला जातोय?

बॉसवर चिडलेल्या मॅनेजरला तो चांगलाच आहे. पण ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला ‘सोस’ म्हणणं हा सल्ला आहे की गप्प बसवण्याची युक्ती?

हाच प्रश्न तलासरीत विचारला तर?

हा प्रश्न नुसता वादासाठी नाही. त्याला जमीन आहे. ती आहे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांची, जी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती.

१९४५ साली इथल्या वारली आदिवासींची अवस्था काय होती? जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली. त्यांच्या शेतावर फुकट राबायचं, याला नाव होतं वेठ. लग्नासाठी थोडे पैसे उसने घेतले की नवराबायको दोघंही मालकाकडे बांधली जायची. अशा माणसाला म्हणायचे लग्नगडी. कर्ज फिटायचं नाही, माणूस सुटायचा नाही.

गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या कामासाठी इथे आले. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही लोक मागे हटले नाहीत आणि वेठ संपली.

गोदावरीबाईंनी हे सगळं पुढे पुस्तकात लिहिलं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्याचं नाव. १९७० साली ते आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

आता कल्पना करा, १९४४ साली एखाद्या लग्नगड्याच्या झोपडीसमोर कुणी उभं राहून त्याला ‘दुसऱ्याचे कठोर शब्द सोस’ असं सांगितलं असतं. तो तर आयुष्यभर तेच करत होता! त्याला सोसायला शिकवण्याची गरजच नव्हती. त्याला हवं होतं कुणीतरी ‘आता सोसू नकोस’ म्हणणारं.

म्हणजे टीकाकार बरोबर, आणि पुस्तक चूक? इतकं सरळ नाही.

कारण गोदावरीबाईंच्या पुस्तकाचं नाव पुन्हा वाचा. जागा कोण होतो? माणूस. झरीच्या परिषदेनं कायदा बदलला नव्हता, बंदुका दिल्या नव्हत्या. आधी मोडली ती भीती. मालक समोर आला की मान खाली घालण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. लढा सुरू होण्याआधी मनात काहीतरी हललं, मग पाय हलले.

मनाचे श्लोकही भीतीबद्दल बरंच बोलतात. मनाला भित्रा म्हणून टोचतात, निर्भय हो म्हणतात. ज्याच्या पाठीशी समर्थ राम उभा आहे त्याच्याकडे वाकड्या डोळ्यानं कोण बघणार, असा त्यांचा दिलासा आहे. दोन्ही पुस्तकांना एकच गोष्ट कळली आहे: घाबरलेलं मन गुलाम असतं.

फरक आहे तो धीर कुठून आणायचा यात. रामदास म्हणतात, रामाकडून. झरीचे वारली तो एकमेकांकडून घेतात. एकट्यानं मन आवरून जे जमलं नसतं, ते हजारो जण एकत्र बसल्यावर जमलं. ‘मनाला सांग’ असं म्हणणाऱ्या कोणत्याही पुस्तकाची मर्यादा इथे दिसते, मग ते मराठी असो, ग्रीक असो की जपानवरचं स्पॅनिश लेखकांचं बेस्टसेलर. ते एकट्या माणसाशी बोलतं. काही दुखणी एकट्याची नसतात.

ज्याचं पुस्तकच नाही, असं शहाणपण

तलासरीच्या वाटेवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, डहाणू तालुक्यात विवळवेढे हे गाव आहे. महालक्ष्मीचं प्रसिद्ध देऊळ इथलं. चैत्र पौर्णिमेपासून इथे मोठी यात्रा भरते.

देवीचं मूळ स्थान वर गडावर. मग देऊळ पायथ्याशी कसं? भाविक एक कथा सांगतात. एक गरोदर बाई दर्शनाला गड चढत होती. अर्ध्या वाटेवर तिला चढवेना. तेव्हा देवी म्हणाली, तू येऊ नकोस, मीच खाली येते.

या कथेचा कुणी लेखक नाही. ती पाठ करायची स्पर्धा नाही. पण तिच्यात व्यवहाराचं केवढं शहाणपण आहे! ज्याला चढता येत नाही त्याला ‘अजून जोर लाव, मन घट्ट कर’ असं इथे देव सांगत नाही. देव स्वतः उतरतो.

डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नेमकं हेच शिक्षणात केलं. ताराबाईंनी १९४५ साली जवळच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये काम कोसबाडला आलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा थेट कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. मुलांमध्ये चिकाटी नाही, असं म्हणत बसण्यापेक्षा त्यांनी शाळेचा पत्ता बदलला.

वारल्यांकडे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या असंच आलं: लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यातून, धान्याची देवी कणसरीच्या कथेतून, तारप्याभोवती फेर धरून नाचताना. त्यावर प्रतिक्रिया द्यायला कमेंट बॉक्स नव्हता. पटलं तर पुढच्या लग्नात तेच गाणं पुन्हा म्हणायचं, हीच प्रतिक्रिया.

नीट पाहिलं तर मनाचे श्लोकही सुरुवातीला असेच होते. दासबोधाचा गड सगळ्यांना चढवणार नाही, म्हणून खाली आलेले, दारापर्यंत चालत गेलेले. त्यांचं पुस्तक झालं, मग अभिमानाचं निशाण झालं, मग वादाचा मुद्दा झाला.

मग वाचायचं की नाही?

वाचा. तासाभराचं काम आहे. पण छोट्या शहाणपणाच्या कोणत्याही पुस्तकासाठी तीन प्रश्न खिशात ठेवा. मनाचे श्लोक असोत, एपिक्टेटस असो की इन्स्टावरचं कोट कार्ड.

पहिला: हा सल्ला मी स्वतःला देतोय की दुसऱ्याला? ‘सोस’ हा शब्द स्वतःच्या मनाला म्हटला तर साधना होऊ शकते. तोच शब्द नवऱ्यानं बायकोला, मालकानं मजुराला, किंवा सासूनं सुनेला म्हटला की त्याचा अर्थ ‘गप्प बस’ एवढाच उरतो. मनाचे श्लोक मनाला उद्देशून आहेत, शेजाऱ्याला उद्देशून नाहीत. घरच्या ग्रुपवर कुणाला तरी टोमणा म्हणून श्लोक फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसरा: दुखणं माझ्या मनात आहे की माझ्या परिस्थितीत? चिडचिड, हेवा, उगाच काळजी यांवर मनाशी बोलून फरक पडतो. पण पगार तीन महिने थकला असेल, घरात मारहाण होत असेल, जमिनीचा कागद कुणी दाबून ठेवला असेल, तर मनाशी बोलून झाल्यावर उठून माणसांशी बोलावं लागतं. कधी वकिलाशी, कधी पोलिसांशी, कधी संघटनेशी. कृतीवाचून बडबड फुकट, हे तर श्लोकच सांगतात.

तिसरा: मी पूर्ण वाचलंय का? आपल्याला ठाऊक असलेले दहा-वीस श्लोक म्हणजे पुस्तक नव्हे. ‘सोस’ म्हणणारं पुस्तकच ‘भिऊ नकोस’ म्हणतं आणि वाद मिटवणाऱ्या संवादाची बाजूही घेतं. एकच श्लोक उचलून डोक्यावर घेणारा आणि एकच श्लोक उचलून पायदळी तुडवणारा, दोघांनीही पुस्तक अर्धवटच पाहिलेलं असतं.

सिनेमाच्या नावावरून झालेल्या वादात हाच शेवटचा मुद्दा हरवला. ज्या पुस्तकात वाद संपवणाऱ्या संवादाला हिताचा म्हटलंय, त्याच्या नावावरून शो बंद पडले, आणि जाता जाता सिनेमाला नवं नाव मिळालं, ‘तू बोल ना’.